पिठातला पाय

सगळ्यात आधी फोटोवाल्या ताईंचं सांगते. काय झालं ते नंतर. कारण जे झालं ते सांगायला लागले की मी अडखळते, मग रडू येतं, आणि त्यांचं सांगायचं राहूनच जातं.

त्या अमरावतीहून पोलिसांच्या गाडीतून आल्या होत्या. मूळच्या चांदूर बाजारच्या. साधा पंजाबी ड्रेस, पाठीवर काळी बॅग, काखेत कॅमेऱ्याची तिपाई. गुन्हा जिथे झाला तिथले फोटो काढायचे, आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते फोटोत दिसेल असं करायचं, हे त्यांचं काम. माझ्यासाठी वेगळं काही केलं नाही असं त्या म्हणतात. "मी माहं काम केलं, ताई. तुम्ही असत्या का दुसरं कोणी असतं, उजेड तसाच पडला असता." असेल. पण त्या दिवशी त्या घरात इतकी माणसं होती, आणि मी खोटं बोलते हे आधीच न ठरवता आत आलेलं माणूस एकच होतं.

मी कणकवलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवरा ट्रकवर होता, त्याच्या मागे अकोल्याला आले. तो पुढे दुसरीकडे निघून गेला आणि मी इथेच राहिले. मुलगी गावी माझ्या आईजवळ शिकते. ब्युरोत नाव नोंदवलं. म्हाताऱ्या, आजारी माणसांकडे राहून त्यांचं सगळं करायचं, असं काम ब्युरो मिळवून देतो. ह्या कामात बाईचं नाव स्वच्छ लागतं. एकदा कोणी म्हटलं की हिच्या हाताला चिकटतं, की संपलं. मी तर इतकी भित्री की आजोबांची गोळी फोडली तर रिकामं पाकीटही जपून ठेवायची, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला.

आजोबा म्हणजे ज्यांच्याकडे मी होते ते. सगळे त्यांना आबाजी म्हणायचे. एसटीत ड्रायव्हर होते. लकवा मारून दोन्ही पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. मला नावाने हाक मारली नाही कधी. "ए कोकण, च्या झाला काय?" मी त्यांना उचलून खुर्चीत बसवायला लागले की ओरडायचे, "रिव्हर्स घे, रिव्हर्स! मांगं भित हाये, दिसत नाई काय तुले?" मी हसून हसून दमायची आणि हातातलं वजन सुटेल म्हणून घाबरायची. माझी बोली त्यांना मुळमुळीत वाटायची. "मासे खाऊ खाऊ तुमच्याइकडच्या लोकायची जीभच ओली होऊन गेली," म्हणायचे. मला उलट सुरुवातीला इकडचे सगळे भांडतायत असंच वाटायचं. मग कळलं की हे प्रेमाने बोलतात तेव्हाही असंच बोलतात.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत. शेजारच्या घरात पुतण्या राहायचा. त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. येता-जाता डोकवायचा, पण दारातूनच. आबाजींच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात त्यांच्या बायकोची पोत आणि पाटल्या. चावी उशीखाली. मी ते कपाट कधी उघडं पाहिलं नाही. उशी बदलताना चावी दिसली तरी मी तोंड फिरवायची.

रोज सकाळचा एक क्रम होता. तिळाचं तेल गरम करून वाटी त्यांच्या पलंगाजवळ ठेवायची, आणि ते निवेपर्यंत दूध घेऊन यायचं. आले की पायांना तेल लावायचं. पायांत जीव नव्हता, तरी त्यांना हवं असायचं. "गाडी उभी असली तरी ग्रीस लागतेच ना," म्हणायचे.

त्या सकाळी दूध घेऊन आले तर ते खाली फरशीवर पडलेले. डोकं पलंगाच्या लोखंडी पायाशी. वाटी कोपऱ्यात पालथी. फरशीवरचं तेल कोणीतरी पुसल्यासारखं, अर्धवट, आणि टॉवेल तेलाने भिजून पलंगाखाली. मी धावत जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "आबाजी, आबाजी" करत राहिले. ते गेलेले होते. त्यांचे डोळे शेवटचे मिटवले ते मी.

हाक मारली तशी शेजारपाजारचे आले. पुतण्या आला आणि ओसरीतच मटकन बसला. "मले नाई पाहवत वो आत जाऊन," असं म्हणून सगळ्यांसमोर रडला. मला त्याची दया आली. त्यानेच पुढची पळापळ केली, लाकडं सांगितली, गाडी आणली. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं. वय, लकवा, हार्ट. लिहून दिलं. मुलगा आणि सून पुण्याहून पोचले आणि संध्याकाळी सगळं आटोपलं. मी टॉवेलचं आणि तेलाचं त्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "मावशी, प्लीज, आत्ता नको."

हिवरखेडहून आबाजींची बहीण आली होती. सगळे आत्याबाई म्हणायचे तिला. ठेंगणी, नऊवारीतली, तोंडाची तिखट. जिथे माणूस गेला तिथे पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वरून टोपली पालथी घालायची आणि सकाळी पिठात कसला पाय उमटला ते बघायचं. पाखराचा उमटला तर पाखराचा जन्म, गायीचा उमटला तर गायीचा. आमच्या गावीही करतात. आत्याबाई चाळणीने पीठ पसरायला बसली आणि मुलाने उकडतं म्हणून पंखा लावला. पीठ खोलीभर उडालं.

"अबे, पंखा बंद कर! बापाचं पीठ उडून राहिलं ना!" आत्याबाई ओरडली. पंखा बंद झाला. उडालेलं पीठ फरशीवर बसलं ते बसलंच. सुतकात कोण झाडणार.

सकाळी टोपली उचलली तेव्हा आम्ही सगळे दारात होतो. पिठात पाय होता. खरंच होता. माणसाच्या पायाचा पुढचा भाग, चवडा आणि बोटं, पिठात ओलसर, पिवळट उमटलेली. आत्याबाईने हातातली टोपली टाकून दिली. "माणूस! माणसाचाच जन्म भेटला माह्या भावाले!" ती जमिनीला डोकं लावून रडली. मग एकेक जण पाया पडला. सून पडली, शेजारणी पडल्या, मी पडले. पुतण्याला उंबऱ्यापर्यंत आणलं, त्यानेही तिथूनच वाकून हात जोडले. वरचं सुटं पीठ आत्याबाईने अलगद गोळा करून नदीत शिरवलं, आणि दहाव्यापर्यंत खोलीत कोणी झाडू लावायचा नाही, फडकं फिरवायचं नाही, असं बजावून त्या जागेवर परत टोपली घातली.

मग सुनेने कपाट उघडलं. पोत नाही, पाटल्या नाहीत.

घरात एकच परकं माणूस होतं. कोणी आरडाओरडा केला नाही, हेच जास्त भीतीचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि सुनेने माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून नेला. अजून अर्धा होता.

ठाण्यात जमादार म्हणाले, "कोकणातून अकोल्यात कायले आली व बाई? तिकडं म्हातारे नाईत काय?" बाकीचे हसले. मी घाबरून सगळंच सांगून टाकलं. तेल सांडलेलं होतं, कोणीतरी पुसलं होतं, मी दूध आणायला गेले तेव्हा कोणीतरी आलं होतं. "कोण आलं होतं? भूत?" मला माहीत नव्हतं कोण ते. पण माझ्या बोलण्याने झालं एवढंच, की ठाण्यातल्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं, म्हातारा नुसता पडला नसेल. म्हणजे आधी माझ्यावर चोरीचा संशय होता, आता खुनाचाही झाला. जळून गेलेल्या माणसाचं काय तपासणार. म्हणून खोली तपासायला अमरावतीहून माणसं बोलावली.

अशा तऱ्हेने ताई आल्या. मलाही साहेबांनी त्या घरी आणून उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं.

आत्याबाई टोपलीसमोर बसून राहिली होती. "चपला घालून येऊ नका, हात लावू नका, तो माह्या भावाचा पाय हाये." साहेब वैतागले. ताईंनी बॅग खाली ठेवली, पायांतल्या चपला बाहेर काढल्या, पायांवर कागदी पिशव्यांसारखं काहीतरी चढवलं आणि आत्याबाईजवळ बसल्या. "आत्याबाई, मी हात नाई लावत. फक्त फोटो काढतो. तुमच्याजवळ राहीन ना फोटो, आं?" आत्याबाईने स्वतःच टोपली उचलली.

ताई मला म्हणाल्या, "घरात काळी चादर, घोंगडी, काई हाये काय? खिडकी झाकाची हाये." मी घोंगडी आणून दारातून दिली. खिडक्या झाकल्या. दिवा बंद केला. मग ताईंनी एक मोठा टॉर्च घेतला आणि तो उभा न धरता फरशीवर आडवा ठेवला, एकदम जमिनीला टेकवून.

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. जी फरशी मी रोज पुसायची, जी त्या क्षणापर्यंत काळी, सपाट, रिकामी दिसत होती, तिच्यावर पायच पाय होते. पंख्याने उडालेलं पीठ तेल लागलेल्या जागी चिकटून बसलं होतं, टोपलीखालचा पायही खालचं तेल शोषलेल्या पिठाचाच होता, आणि आडव्या उजेडात प्रत्येक पांढऱ्या ठशाला बारीक सावली आली होती. पलंगाजवळून अनवाणी पाय निघाले होते आणि कपाटाकडे गेले होते. पुसल्याचे फराटे वेगळे दिसत होते, टॉवेलचे.

"वरून उजेड मारला त काई दिसत नाई," ताई साहेबांना म्हणाल्या. "आडवाच टाका लागते." टॉर्च चारी बाजूंनी फिरवत, प्रत्येक ठशाजवळ छोटी पट्टी ठेवून, कॅमेरा अगदी सरळ खाली बघेल असा लावून त्या काढत राहिल्या. घाई नाही. मध्येच मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरात चप्पल घालता?"

माझ्या टाचा दुखतात, म्हणून मी घरातली रबरी चप्पल घालते. त्यांनी चप्पल काढून घेतली, तळवा पाहिला, त्यावरची नक्षी पाहिली. मला वाटलं झालं, आता हिला सापडलं.

त्यांनी साहेबांना जवळ बोलावलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवलं. मी कान देऊन ऐकत होते. अजूनही शब्द न् शब्द आठवतो. "हे पाहा साहेब. चपलेची नक्षी पायाच्या ठशावर पडली हाये. पाय चपलेवर नाई पडला कुठीच. म्हणजे अनवाणी माणूस आधी होता, चप्पलवाली मांगून आली. आन् चप्पल दारातून पलंगापर्यंत हाये फक्त. कपाटाकडं गेलीच नाई."

साहेबांनी पडद्यावरच्या ठशाशेजारी माझी चप्पल धरून पाहिली. मग म्हणाले, "पाय मोठा हाये. बाईचा नाई. करंगळी टेकलीच नाई त्याची."

तेवढ्यात आत्याबाईने विचारलं, "काय दिसलं वो बाई? माह्याच भावाचा हाये ना?" ताईंनी कॅमेरा बंद केला. "पाय हाये, आत्याबाई. चांगला उमटला." खोटंही नाही, खरंही नाही.

पुढे पायांचे ठसे द्यायला आम्हा सगळ्यांना, पुतण्यासकट, अमरावतीला बोलावलं. तळव्यांना शाई लावून कागदावरून चालवतात. मला वाटत होतं आपला पाय नको तसा पडेल, कागदच फाटेल. ताईंनी मला बाकावर बसवून चहा दिला. अख्खा कप, आणि कोणी उचलून नेला नाही. त्यांचा फोन वाजला. चांदूर बाजारहून त्यांची आई होती. ताई म्हणत होत्या, "तेल लावलं काय गुडघ्याले? काऊन नाई लावलं? कोण लावून देईन म्हणजे? मी रविवारी येतो ना." फोन ठेवून माझ्याकडे बघून हसल्या. "एकटी राहते. माणूस ठेव म्हणतो त आयकत नाई. म्हणते परकी बाई नको घरात."

परकी बाई म्हणाल्या आणि लगेच बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला. मी चहा पीत राहिले.

पाय पुतण्याचा निघाला. करंगळी जमिनीला न टेकणारा पाय, जसाच्या तसा. ज्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी आत गेलोच नाही, मला पाहवत नाही, त्याचा. आणि त्या सकाळी उंबऱ्यातून आपल्याच पायाला हात जोडले होते त्याने.

मला वाटलं, आता सगळं नीट होईल. मी आईला फोन केला. "काय गो, बरा आसा मा?" आई म्हणाली. मी म्हटलं, "बरा आसा आये, सुटलंय." फार लवकर बोलले.

पुतण्या म्हणाला, घरचा माणूस आहे, रोज येतो-जातो, तेल तर रोजच सांडतं. मग आधी आत गेलो नाही का म्हणालास, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणे, दुःखात माणूस काहीही बोलतो. पाटल्या सापडल्या नाहीत. डॉक्टरांचा कागद होताच, हार्टचा. आबाजींची राख नदीत. फोटो एवढंच सांगत होता की कोण कुठे उभं होतं आणि कोणाआधी. त्याने धक्का दिला की म्हातारा चावी वाचवायला झटापट करताना पडला, की नुसता घाबरून सरकला, हे फरशीवर उमटत नाही. मग मुलाने तक्रारच मागे घेतली. ओसरीत मला बोलावून म्हणाला, "मावशी, तुमच्यावरचा डाग गेला ना? मग झालं. बाबा तर गेलेच. आता घरातल्या माणसाला आत टाकून मला काय मिळणार? उद्या इथली शेती कोण बघणार?"

माझं नाव कागदावर कुठेच आरोपी म्हणून नाही, हे खरं. कोणाचंच नाही.

दहाव्याला आत्याबाईने स्वतः ती फरशी धुतली. धुताना हात थांबत होता तिचा. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तू शिकलेली हायेस. त्या फोटोवाल्या बाईनं साहेबाले काय सांगितलं? माणसाचाच जन्म हाये ना?" कोणीच तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं, फक्त मला. मी म्हटलं, "माणसाचाच पाय होता, आत्याबाई." तिने डोळे पुसले आणि पाणी ओतलं. पाय गेला.

ब्युरोने मला परत काम दिलं नाही. दोनदा जाऊन आले. मॅनेजर वाईट नाही. म्हणतो, "ताई, मले माहीत हाये तुम्ही काई केलं नाई. पण लोकं विचारतात ना, ते अकोल्यातलं प्रकरण, तीच काय ही बाई? मी काय सांगू?" आता मी कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिथे कोणाच्या घरात जावं लागत नाही. मुलगी फोनवर विचारते, "आये, तुका पोलिसांनी नेल्ला काय?" गावात पोचलंय. मी कितीही सांगितलं तरी ती शाळेतून आल्यावर पुन्हा विचारते.

एकदा बाजारात पुतण्या समोर आला. मी खाली मान घालून चालले होते, तर तो थांबून म्हणाला, "काय व, अजून माहे पाय पाहून राहिली काय?" आणि हसत पुढे गेला. मी तिथेच उभी राहिले. खरंच मी त्याच्या पायांकडेच बघत होते.

ताईंना मी हे सांगितलेलं नाही. फोन केला की त्या विचारतात, काम चालू आहे ना, मी हो म्हणते. त्यांनी एवढ्या निगुतीने उजेड आडवा टाकला, एवढं दाखवलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते ऐकून त्यांना वाईट वाटेल. किंवा वाटणार नाही, त्या रोजच असं बघत असतील. मला ठाऊक नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे, की त्या खोलीत अंधार केला नसता तर मी आज तुरुंगात असते, आणि मुलीला "नेल्ला काय" असं विचारायलासुद्धा मी फोनवर सापडले नसते.

म्हणून इथे लिहून ठेवते, ताई. तुमच्या आईला कधी माणूस लागलं, आणि लागेलच, सगळ्यांना लागतं, तेव्हा मला सांगा. परकी बाई नको म्हणाल्या तर मी दारातच बसेन. दोन दिवसांनी आत घेतील, चार दिवसांनी घेतील. पोळ्या सोडून मी चांदूर बाजारला येईन आणि त्यांच्या गुडघ्यांना रोज तेल लावेन, ते निवेपर्यंत तिथेच बसून राहीन, दूध आणायलासुद्धा उठणार नाही. आज माझ्या भरवशावर कोणी घर सोडत नाही. पण हे मी तुमचं फेडणार आहे.